आठ अंशाचा कोन

"कंपासने आठ अंशाचा कोन कसा काढायचा? कोनमापक वापरायचा नाहीये. उद्या बाईंना दाखवायचंय. प्लीज."

एवढं लिहून मी आईचा फोन मांडीवर पालथा ठेवला आणि उत्तराची वाट बघत बसले.

मी तेव्हा आठवीत होते. आम्ही फलटणला राहायचो, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. पप्पा स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे गाड्या पुकारणं, कुठली कुठे लागली ते सांगणं, चुकलेल्या प्रवाशांवर खेकसणं, हे सगळं त्यांच्याकडे. आई घरीच ब्लाऊज शिवायची. बाहेरच्या खोलीत तिचं मशीन, आणि मशीनच्या शेजारच्या उंबऱ्यावर माझी अभ्यासाची जागा.

'गृहपाठकट्टा' हे मला वर्गातल्या मुलींकडून कळलं होतं. तिथे कुणीही प्रश्न टाकायचा, कुणीही उत्तर द्यायचं. खरं नाव कुणी देत नसे. मी 'जांभळीशाई' होते. बहुतेक मुली तयार उत्तरं उतरवून घ्यायला तिथे जायच्या. मी का जायचे, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. वर्गात कुणाला विचारलं की "आत्ताच तर सांगितलं ना बाईंनी!" असं म्हणून त्या माझ्याकडे बघायच्या. ते बघणं कट्ट्यावर नव्हतं.

फोन थरथरला. पहिलं उत्तर होतं, "डोळे मिटून काढ, जो येईल तो आठ." दुसऱ्याने नुसतीच हसणारी तोंडं टाकली होती. तिसरं उत्तर मोठं होतं. पाठवणाऱ्याचं नाव होतं 'खोडरबर'.

"आठ अंशाचा कोन कंपास आणि पट्टीने काढताच येत नाही. हे गणितवाल्यांनी केव्हाच सिद्ध करून ठेवलंय. त्यामुळे तुझ्या बाई असा गृहपाठ देणार नाहीत. पुस्तकातली आधीची दोन उदाहरणं बघ आणि सांग, बाईंना कुठला कोन म्हणायचा असेल?"

मी पुस्तक उघडलं आणि लिहिलं, "साठ?"

"शाब्बास. मग आठ कुठून आला?"

"बाई आठच म्हणाल्या."

"फळ्यावर लिहिलं होतं की तोंडी सांगितलं?"

हा काय प्रश्न झाला, असं मला वाटलं. "तोंडी. बाई गृहपाठ सांगताना बाकांमधून फिरतात."

तेवढ्यात माझ्या खांद्यावर सपकन हात बसला. मी दचकून वर पाहिलं. आई समोर येऊन उभी होती. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या काढून तिने मुठीत धरल्या.

"किती हाका मारायच्या गं? मेथी निवडून दे म्हणतीय मघापासनं."

"मला कुठं म्हणालीस?"

"मग काय भिंतीला म्हणाले?" आई म्हणाली. "एवढंच पप्पांना म्हणू दे, एका हाकेत उठशील."

हे खरं होतं. पप्पा गल्लीच्या तोंडाशी येऊन "आशे!" म्हणाले तरी मी धावत जायचे. आई हातभर अंतरावरून बोलली तरी माझं लक्ष नसायचं. असं का, ते मला माहीत नव्हतं. आईला मात्र माहीत आहे असं वाटायचं. शेजारच्या काकूंना ती एकदा म्हणाली होती, "आमची आश्लेषा बापाची आहे. माझं ऐकत नाही." हे तिने माझ्या समोर, माझ्याकडे बघत म्हटलं होतं, म्हणून माझ्या ध्यानात राहिलं.

पूर्वी ती असं काही म्हणाली की पाठोपाठ हसायची. त्या वर्षात ते हसणं कमी होत गेलं. मग हाकाही कमी झाल्या. काही हवं असलं की ती उठून यायची, खांद्याला हात लावायची, काम सांगायची आणि परत मशीनवर जाऊन बसायची. आम्ही दोघी दिवसभर एका खोलीत असायचो आणि आमच्यात बोलणं फारसं उरलं नव्हतं.

त्यानंतर मी खोडरबरलाच प्रश्न विचारायला लागले. खोडरबर कधीही सरळ उत्तर द्यायचं नाही. उलट विचारायचं, थांबायचं, चुकलं तर "परत बघ" म्हणायचं. मला राग यायचा, पण उत्तर माझं मलाच सापडलं की तो राग उरायचा नाही.

एकदा मी भूगोलाचं विचारलं, "महाराष्ट्रातल्या ऋषीपद्धती कोणत्या?" एका मुलाने वसिष्ठ, अगस्ती अशी नावंच पाठवून दिली. मी ती वहीत उतरवूनही घेतली. संध्याकाळी खोडरबरचं आलं.

"ऋषी नाही, कृषी. शेतीच्या पद्धती. हेही तोंडी सांगितलं होतं का?"

"हो."

पुढे विज्ञानात मी विचारलं, "मुळं पाण्याचं पोषण कसं करतात?"

"पोषण नाही, शोषण. तोंडी?"

"हो. तुम्ही दरवेळी हेच का विचारता?"

उत्तर आलं, "फळ्यावर लिहिलेलं तुझं कधी चुकत नाही, म्हणून. वर्गात कितव्या बाकावर बसतेस?"

"शेवटून दुसऱ्या. मी उंच आहे ना."

"बाई बोलताना त्यांचं तोंड दिसतं?"

"फळ्याजवळ असल्या की दिसतं."

अशी आमची प्रश्नोत्तरं अधूनमधून चालायची. गणिताच्या मधेच खोडरबर असलं काही विचारायचं. मला त्यात वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. माझ्या चुकांकडे इतकं निरखून आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

सहामाही परीक्षेनंतर आमच्या वर्गशिक्षिका घाडगेबाईंनी आईला शाळेत बोलावलं. आई घरी आली ती चप्पल काढून तशीच मशीनच्या स्टुलावर बसली. पप्पा जेवायला आले होते. तिने त्यांनाच सांगितलं, मी शेजारी होते तरी.

"बाई म्हणतात, पुढच्या वर्षी 'अ' तुकडीत ठेवता येणार नाही. 'क'मध्ये टाकतो म्हणाल्या."

"का?" पप्पांचा आवाज घरातही स्टँडवरचाच असायचा. "नापास झालीय का ती?"

"लेखीला बरी आहे. पण वर्गात लक्षच नसतं म्हणे. विचारलं एक, की सांगते भलतंच. पोरी हसतात." तिने हातातली पिशवी खाली ठेवली. "मला विचारलं, घरी पण असंच करते का."

"मग?"

"हो म्हणाले. काय खोटं बोलू?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "काय गं आशे? लक्ष कुठं असतं तुझं?"

"असतं लक्ष," मी म्हणाले. मला रडू येत होतं. लक्ष असतं, हे शपथेवर सांगायची माझी तयारी होती. वर्गात तर मी इतकं लक्ष द्यायचे की शाळा सुटेपर्यंत डोकं ठणकायचं. पण ते दाखवायचं कसं?

त्या दुपारी मी खोडरबरला सगळं लिहिलं. तुकडी बदलणार, मैत्रिणी सुटणार, आई बोलत नाही. त्यावर तिकडून प्रश्न आले, एकामागून एक. मी सगळ्यांची उत्तरं दिली आणि फोन चार्जिंगला लावून क्लासला गेले.

परत आले तेव्हा पप्पा घरात होते. त्यांची ड्युटी संपायची वेळ झाली नव्हती. आई भिंतीला टेकून उभी होती आणि मशीनवर कापड अर्धवट शिवलेलं तसंच होतं. फोन पप्पांच्या हातात होता.

"खोडरबर कोण?" पप्पांनी विचारलं.

"गृहपाठाला मदत करतात."

"बाई का बाप्या?"

"माहीत नाही."

"गावातलं आहे?"

"माहीत नाही, पप्पा."

"माहीत नाही आणि त्याला सगळं सांगत बसलीस?" पप्पांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि मोठ्याने वाचायला लागले. "कितव्या बाकावर बसतेस? फोन कुठल्या कानाला लावतेस? घरात दिवसभर तुझ्याबरोबर कोण असतं? घरात कुणाचं बोलणं तुला आवडतं?" त्यांनी फोन खाली घेतला. "हा गृहपाठ आहे? हा कुठल्या विषयाचा गृहपाठ आहे, सांग मला!"

ते असं एका दमात वाचल्यावर मलाही ते प्रश्न कसेतरीच वाटले. एकेकटे आले होते तेव्हा तसे वाटले नव्हते.

"मी चौकीत जातो," पप्पा आईला म्हणाले. "अगं, रोज पेपरात वाचतो आपण. लेकरांना गोड बोलून..."

"तिने काय उत्तर दिलंय ते वाचा," आई म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती, म्हणून मला कळलं. "शेवटचं वाचा."

पप्पा वाचेनात. तेव्हा आईनेच सांगितलं. ते तिला पाठ झालं होतं.

"'पप्पांचं बोलणं आवडतं. आईचं मला कळत नाही.'" तिने माझ्याकडे बोट केलं. "परक्या माणसाला लिहिलंस हे. आईचं कळत नाही. मी काय इंग्रजीत बोलते तुझ्याशी? जन्म दिला, एवढी मोठी केली, आणि माझं तुला कळत नाही?"

"आई, तसं नाही..."

"मग कसं?"

मी लिहिलं होतं ते अगदी साधं होतं, जसं होतं तसं. आई बोलते ते मला कळत नाही. त्याचा आणखी काही अर्थ होऊ शकतो हे आईच्या चेहऱ्याकडे बघून मला पहिल्यांदा समजलं.

आणि नेमका तेव्हा पप्पांच्या हातातला फोन थरथरला.

त्यांनी बघितलं. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "त्याचंच आहे," ते म्हणाले. "'हा निरोप जांभळीशाईच्या आईवडिलांसाठी आहे. तिने तो त्यांना वाचायला द्यावा.' आता हा आपल्याशी बोलणार!"

ते पुढे वाचू लागले. पहिल्या एक-दोन ओळी मोठ्याने वाचल्या. मग ते गप्प झाले. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मला वाटलं, मनात वाचतायत. मी आईकडे बघितलं, तर आई भिंतीपासून सुटी होऊन दोन पावलं पुढे आली होती आणि कान देऊन ऐकत होती. पप्पा वाचत होते, आई ऐकत होती, आणि मी त्या दोघांच्या मधे उभी राहून वाट बघत होते की आता मला कोण काय म्हणतंय.

वाचून झाल्यावर पप्पांनी फोन खिशात घातला. ते माझ्यावर ओरडले नाहीत. मशीनच्या स्टुलावर बसले आणि समोरच्या सतरंजीवर हात थोपटून म्हणाले, "आशे, बस इथं. माझ्यासमोर."

मी बसले.

"शाळेतलं सांग काहीतरी."

"काय सांगू?"

"काहीही. आज डब्याला काय होतं?"

"बटाट्याची भाजी." सकाळी तो डबा आईनेच भरला होता. पप्पांना काय झालंय ते मला कळेना. "अर्धी मनीषाने खाल्ली."

"कोण मनीषा?"

मी सांगत होते. मनीषा कोण, कुठे राहते, तिच्या भावाने कशी गाडी खड्ड्यात घातली. पप्पा मान हलवत होते, पण त्यांचं लक्ष माझ्या बोलण्यात नव्हतं. ते माझ्या डोक्यावरून मागे बघत होते, मग माझ्याकडे, मग परत मागे. आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यांत पाणी भरायला लागलं.

माझे पप्पा रडताना मी कधीच पाहिले नव्हते. मी बोलायची थांबले.

"काय झालं, पप्पा?"

त्यांनी नुसती नजर वर केली, म्हणून मी मागे वळले.

आई माझ्या पाठीमागे उभी होती. इतकी जवळ की तिच्या साडीची चूण मी वळताना माझ्या गालाला लागली. तिचं तोंड उघडं होतं. एक हाक संपून दुसरी सुरू व्हायच्या मधे ती थांबलेली होती. तिचा चेहरा रडून लाल झाला होता, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या.

"तू मला हाक मारत होतीस?" मी विचारलं.

ती मटकन खालीच बसली. तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि आपल्या तोंडासमोर आणलं. तिच्या बोटांना मशीनच्या तेलाचा वास होता.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"काय कधीपासून?"

"कधीपासून येत नाही गं तुला ऐकू?"

मी आधी पप्पांकडे बघितलं आणि मग परत तिच्याकडे. मला ऐकू येत होतं. पप्पांचं येत होतं, एसटीचा हॉर्न येत होता, शाळेची घंटा येत होती. बाकीच्या बोलण्यातलं अर्धंमुर्धं यायचं, आणि सगळ्यांना तेवढंच येतं असं मी धरून चालले होते. उरलेलं बाकीच्या मुली हुशारीने ओळखतात आणि मला ओळखता येत नाही, म्हणजे मी मठ्ठ, असा माझा सरळ हिशेब होता.

"मला वाटायचं, सगळ्यांना असंच असतं," मी म्हणाले.

आईने मला छातीशी धरलं. ती काहीतरी बोलत होती, बराच वेळ बोलत होती. कपाळाला तिच्या गळ्याची थरथर लागत होती, पण शब्द कळत नव्हते. या वेळी तिलाही ते माहीत होतं. तरी ती बोलत राहिली.

खोडरबरचा तो निरोप मी नंतर वाचला.

"नमस्कार. अनोळखी माणसाने तुमच्या मुलीला असले प्रश्न विचारले म्हणून तुम्हाला राग आला असेल, तर तो अगदी बरोबर आहे. पण तिच्या चुका गेले काही महिने बघण्यात आहेत. साठचं आठ, कृषीचं ऋषी, शोषणचं पोषण. वाचलेल्यात ती चुकत नाही, फक्त ऐकलेल्यात चुकते, आणि दरवेळी शब्दाचा सुरुवातीचा बारीक आवाज तिच्या हातून निसटतो. माझ्या धाकट्या बहिणीचं असंच होतं. आम्ही तिला हट्टी म्हणायचो, वडील मारायचे. कळायला फार उशीर झाला. माझा अंदाज चुकीचाही असेल. तो चुकावा अशीच इच्छा आहे. एकच करून बघा. एकाने तिला समोर बसवून बोलतं ठेवा, आणि दुसऱ्याने मागून, तिला कळू न देता, तिचं नाव घ्या. आईने घेतलं तर बरं."

आम्ही साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या एका लहानशा खोलीत मला बसवलं, कानांवर जाड झाकणं लावली आणि आवाज आला की बटण दाब म्हणून सांगितलं. सुरुवातीला काही वेळा मी बटण दाबलं. मग यंत्र बंद पडलं असावं म्हणून मी स्वस्थ बसून राहिले. काचेपलीकडे पप्पा कठड्याला धरून उभे होते. यंत्र बंद पडलेलं नाही, हे त्यांना दिसत होतं.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली. डावीकडे ती सरळ होती आणि उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली गेली होती.

"जाड आवाज हिला येतात, बारीक येत नाहीत," ते म्हणाले. "हळूहळू कमी होत गेलंय, म्हणून तिचं तिलाही कळलं नाही. वडिलांचा आवाज जाड आणि मोठा, तो येतो. आईचा बारीक, त्यात त्या हळू बोलतात. ओठ दिसले तर ती जुळवून घेते, नाही दिसले की गेलं."

आईने तो कागद हातात घेतला. घसरगुंडीवर बोट ठेवून तिने विचारलं, "म्हणजे डॉक्टर, ती मुद्दाम करत नव्हती?"

"छे हो."

"एकदाही?"

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हसून म्हणाले, "एखादवेळी केलंही असेल. मुलंच ती. पण तुम्ही म्हणता तसं, नाही."

परतीच्या गाडीत आईने मला खिडकीशी बसवलं नाही. ती स्वतः खिडकीशी बसली, पाठ काचेला लावून, तोंड माझ्याकडे करून, आणि फलटण येईपर्यंत तशी वाकडीच बसून बोलत राहिली. पुढच्या सीटवर बसलेल्या पप्पांनी एकदा मागे वळून "मान अवघडेल तुझी" असं तिला सांगितलं. ते तिने ऐकलं नाही.

घरी आल्यावर पप्पांनी फोन घेतला आणि खोडरबरला निरोप लिहायला बसले. तो लिहायला त्यांना बराच वेळ लागला. स्टँडवर सूचना देण्याखेरीज लिहिण्या-बोलण्याची दुसरी रीत त्यांना माहीत नव्हती.

"आपणांस कळविण्यात येते की, मुलीस साताऱ्यास नेऊन आणले. आपले म्हणणे बरोबर निघाले. आपण सर आहात की मॅडम हे समजले नाही, तरी चुकीची माफी असावी. आमच्या मनात आपल्याविषयी वाईट आले होते, त्याचीही माफी असावी. फलटणला आल्यास स्टँडवर कुणालाही विचारावे, घर दाखवतील. आपला नम्र, ना. ग. भोईटे, वाहतूक नियंत्रक."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं.

"माफी कसली! तुमच्या जागी असतं तर माझ्याही मनात वाईटच आलं असतं, आणि यायलाच हवं होतं. तिला कट्ट्यावर विचारू द्या, विचारण्यात काही वाईट नाही. पण ती विचारत असताना तुमच्यापैकी कुणीतरी शेजारी बसा. सगळी खोडरबरं माझ्यासारखी नसतात. तिला आशीर्वाद."

मग घरात तोच नियम झाला. मी कट्ट्यावर काही विचारायला बसले की आई मशीन थांबवून शेजारी येऊन बसायची. बीजगणितातलं तिला फारसं कळत नसे, तरी प्रश्न नि उत्तर दोन्ही नीट वाचायची आणि "हे काय विचारलं त्यांनी, मला समजावून सांग" म्हणायची. समजावता समजावता माझं मलाच कळून जायचं आणि पुष्कळदा तिकडे उत्तर द्यायची गरज उरायची नाही. घाडगेबाईंनी मला पहिल्या बाकावर घेतलं. नववीला मी 'अ' तुकडीतच राहिले. दोनेक वर्षांनी कट्टा बंद पडला आणि खोडरबर कोण होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. पप्पा आजही "ते सर" म्हणतात. आई म्हणते, बाईच असणार, एवढं बारीक लक्ष बाप्याचं नसतं. यावरून दोघांची आजही जुंपते.

पण मला सांगायचं आहे ते कानात ऐकण्याचं यंत्र बसवलं त्या आठवड्यातलं.

कानात यंत्र आलं आणि पहिले दोन दिवस मी वैतागून गेले. भांडी आपटायची, कागद फाडल्यासारखे वाजायचे, माझीच चप्पल मागून कुणी येतंय अशी वाजायची. पप्पा घरात शिरून "आशे!" म्हणाले तेव्हा मी दोन्ही हात कानांवर ठेवले. "पप्पा, हळू बोला ना!" ते इतके ओशाळले की दिवसभर कुजबुजतच होते. ते कुजबुजणंही मला ऐकू येत होतं, याचं त्यांना मोठं नवल वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून आले. दार उघडंच होतं. आई पाठमोरी, मशीन बाजूला सारून, उजेडाकडे तोंड करून कुणाच्या तरी ब्लाऊजला हातशिलाई करत होती. मी आल्याचं तिला कळलं नव्हतं. मी उंबऱ्यावर दप्तर ठेवणार, तेवढ्यात कुठून तरी एक बारीक आवाज यायला लागला. मी पंख्याकडे बघितलं, तो बंद होता. मोरीतल्या नळाकडे कान दिला, तिथे काही नव्हतं. आवाज वर जायचा, थोडा थांबायचा, पुन्हा खाली यायचा. सुई कापडात शिरताना थांबायचा आणि दोरा ओढताना पुढे जायचा.

आई गुणगुणत होती.

त्यात शब्द नव्हते. चालही कुठल्या गाण्याची नसावी, तिची तीच असावी. जी चौदा वर्षं मी तिच्याजवळ, याच खोलीत, हातभर अंतरावर काढली, त्यात ती कामात गुणगुणते हे मला ठाऊकच नव्हतं.

हाक मारली असती तर ती थांबली असती. म्हणून मी दप्तर आवाज न करता खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर बसून राहिले.